फाइलच्या नावातली मोकळी जागा

२०२३ साली मराठवाड्यातल्या दोन जिल्ह्यांना नवी नावं मिळाली. उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. आता समजा, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची माहिती दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्याचं एक फोल्डर, त्याच्या पोटात तालुक्याचं, आणि त्यात गावागणिक एक सोर्स फाइल, म्हणजे प्रोग्रॅमरने हाताने लिहिलेला मूळ मजकूर. पैठण रोडवरचं, व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे लांबवर माहीत झालेलं चितेगाव त्यात ‘औरंगाबाद/पैठण/चितेगाव.सी’ या पत्त्यावर सापडतं. सगळी नावं देवनागरीत आहेत. नामांतरानंतर प्रोग्रॅमर दोन्ही फोल्डरांची नावं बदलतो, जिथं जिथं त्यांचा उल्लेख आहे तिथंही बदल करतो आणि सॉफ्टवेअर नव्याने तयार करायला घेतो. धाराशिव बिनबोभाट पार पडतं. छत्रपती संभाजीनगरपाशी मात्र काम अडतं आणि पडद्यावर तक्रार येते: ‘छत्रपती’ नावाची वस्तू कशी तयार करायची याचा नियम सापडत नाही.

अशा वेळी पहिला संशय हमखास देवनागरीवर जातो. ‘मराठीत नावं दिली की हे असंच होणार’ हे वाक्य बऱ्याच ऑफिसांत ऐकू येतं. पण पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. धाराशिवही देवनागरीतच आहे आणि ते चाललं. उलट छत्रपती संभाजीनगर रोमन लिपीत लिहून पाहिलं तरी काम तिथंच अडेल. दोन्ही नव्या नावांत फरक एकच: एकात मोकळी जागा आहे, दुसऱ्यात नाही. मराठवाड्याच्या जुन्या आठ नावांत, औरंगाबादपासून हिंगोलीपर्यंत, एकही दोन शब्दांचं नव्हतं, म्हणून ही अडचण कधी वर आली नाही. ज्याने राज्याच्या सगळ्या ३६ जिल्ह्यांची फोल्डरं केली असतील, त्याला ती मुंबई शहर आणि मुंबई उपनगर यांनी केव्हाच दाखवली असेल.

पण मोकळ्या जागेने असं काय बिघडतं? की-बोर्डावरची सगळ्यात मोठी कळ तिचीच आहे, आणि फाइलला नाव देताना संगणक ती बिनतक्रार स्वीकारतोही. मग तोच संगणक पुढे अडून का बसतो?

यादी वाचणारा कोण?

प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर संगणकाला जसाच्या तसा चालवता येत नाही. कंपायलर नावाचा प्रोग्रॅम एकेका सोर्स फाइलचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो आणि मग ते सगळे तुकडे जोडून चालणारं सॉफ्टवेअर बनतं. या सगळ्या खटाटोपाला ‘बिल्ड’ म्हणतात. फायली हजारांत असतील तर दर वेळी सगळ्यांचं रूपांतर करणं परवडत नाही. म्हणून १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचं साधन लिहिलं. कुठली वस्तू कुठल्या फायलींपासून बनते हे आपण मेकला नियमांत लिहून द्यायचं. मेक प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ते पाहतो आणि जेवढं शिळं झालंय तेवढंच पुन्हा करायला लावतो. कल्पना इतकी नेटकी होती, की जवळपास पन्नास वर्षांनंतरही ती असंख्य प्रकल्पांत जशीच्या तशी वापरात आहे.

मेकचा नियम असा दिसतो: डावीकडे बनवायच्या वस्तूचं नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, उजवीकडे लागणाऱ्या फायलींची नावं, आणि खालच्या ओळीत करायचं काम. उजवीकडची नावं एकमेकांपासून कशाने वेगळी करायची? मोकळ्या जागेने. सगळी गोम इथं आहे. किराण्याची यादी कुणी स्वल्पविराम न देता एका ओळीत लिहिली, ‘तूर डाळ बेसन पीठ गूळ शेंगदाणे कूट’, तर दुकानदार तरीही बरोबर सामान बांधतो, कारण तूर डाळ ही एक वस्तू आहे हे त्याला ठाऊक असतं. मेकला असं काही ठाऊक नसतं. मोकळी जागा दिसली की वस्तू संपली, एवढंच त्याला सांगितलेलं असतं. म्हणून ‘छत्रपती संभाजीनगर/पैठण/चितेगाव.सी’ हा पत्ता त्याच्या लेखी दोन फायलींचा होतो: एक ‘छत्रपती’ आणि दुसरी ‘संभाजीनगर/पैठण/चितेगाव.सी’. पहिली डिस्कवर नाही, ती बनवायचा नियमही नाही. त्याची तक्रार त्याच्या जागी अगदी बरोबर आहे.

यात फेल्डमन यांना दोष देणं फारसं न्यायाचं होणार नाही. मेक जिच्यावर चालत असे त्या युनिक्स प्रणालीत तेव्हा फाइलचं नाव जास्तीत जास्त १४ अक्षरांचं असे आणि लिहिणारे नावं आखूडच ठेवत. मोकळी जागा वापरावी असं कुणाच्या मनातही येत नसे. पण युनिक्सच्या गाभ्याने मात्र तेव्हाही तिला मनाई केली नव्हती. गाभ्याच्या दृष्टीने नावात फक्त दोन गोष्टी निषिद्ध आहेत: फोल्डर वेगळी करणारी तिरकी रेघ आणि शून्य किमतीचा बाइट. बाकी काहीही चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. म्हणजे नाव ठेवू देणारा उदार आणि नाव वाचणारा संशयी, अशी ही जोडी पहिल्यापासूनच विजोड आहे. पुढे विंडोज ९५ ने लांब नावं आणि मोकळ्या जागा घरोघरी पोहोचवल्या, प्रोग्रॅम बसवण्याचं मुख्य फोल्डरही ‘प्रोग्रॅम फाइल्स’ असं दोन शब्दांचं ठेवलं, आणि दबलेली विसंगती रोजची डोकेदुखी झाली.

एका नावाचे अनेक वाचक

‘नाव अवतरणचिन्हांत टाकलं की झालं’ हा उपाय चटकन सुचतो. तो अपुरा का पडतो हे पाहिलं की या प्रश्नाचं खरं स्वरूप कळतं. पहिली गोष्ट, मेकला अवतरणचिन्ह कळतच नाही. त्याच्या दृष्टीने तेही नावातलंच एक अक्षर. मोकळ्या जागेआधी उलटी तिरकी रेघ दिली तर नियमाच्या ओळीत तो मान देतो. पण फायलींची यादी गोळा करणं, त्यांचे शेपटाचे भाग बदलणं, एकेकीवर तेच काम करणं, अशी जी सोयीची फंक्शनं मेकमध्ये आहेत ती पुन्हा मोकळ्या जागेवरच तुकडे पाडतात. म्हणजे एका दारातून सुखरूप आत आलेलं नाव दुसऱ्या दारात फुटतं.

आणि मेक हा एकटा वाचक नाही. मेकने नाव नीट जपलं, तरी करायच्या कामाची ओळ तो ‘शेल’ला देतो. शेल म्हणजे आज्ञा वाचून पाळणारा प्रोग्रॅम. तो ओळ वाचताना पुन्हा मोकळ्या जागेवर तोडतो, आणि त्याचे नियम वेगळे आहेत: त्याला अवतरणचिन्ह कळतं. मग कंपायलर येतो. तो आपलं काम करून ‘ही फाइल अमुक अमुक फायलींवर अवलंबून आहे’ अशी नोंद लिहितो, आणि पुढच्या खेपेला मेक ती नोंद वाचतो. प्रत्येक वाचकाची विरामचिन्हं वेगळी. मेकमध्ये # आलं की पुढचं सगळं शेरा समजून सोडून दिलं जातं, % म्हणजे ‘इथं काहीही चालेल’, दोन टिंबं म्हणजे नियमाचा मध्य. हीच दोन टिंबं विंडोजच्या पत्त्यात ड्राइव्हच्या अक्षरापुढे येतात. २००६ मध्ये सिगविन या विंडोजवरच्या युनिक्सी वातावरणात मेकची ३.८१ ही आवृत्ती आली आणि तिने असे पत्ते समजून घेणं सोडून दिलं, तेव्हा कालपर्यंत चालणारे बिल्ड ‘एका नियमात दोनदा टिंबं कशी?’ अशा अर्थाच्या तक्रारीने अडू लागले.

$ या चिन्हाचं उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. फाइलचं नाव ‘भाव$यादी.सी’ आहे असं धरू. मेकमध्ये $ म्हणजे पुढे आलेल्या नावाच्या जागी त्याची साठवलेली किंमत घाला. कंस नसेल तर तो $ नंतरचं फक्त एक अक्षर नाव म्हणून घेतो, आणि एक अक्षर म्हणजे त्याच्या हिशोबी एक बाइट. ‘य’ हे अक्षर संगणकात तीन बाइटांचं असतं. मेक त्यातला पहिला बाइट उचलतो, त्या नावाची किंमत साठवलेली नाही असं पाहून तिथं काहीच घालत नाही, आणि उरलेले दोन बाइट अनाथ सोडतो. पडद्यावर ‘भाव’ आणि ‘ादी’ यांच्या मध्ये एखादं प्रश्नचिन्हाचं चौकटीतलं चित्र दिसतं. हे टाळायला मेकसाठी $$ लिहायचं. मग मेक त्याचा एक $ करून शेलला देतो, आणि शेललाही $ म्हणजे ‘किंमत घाला’ असंच वाटतं. म्हणून शेलसाठी वरून एकेरी अवतरणचिन्हं. पण नावातच एकेरी अवतरणचिन्ह असेल तर? तर त्याच्यासाठी आणखी एक युक्ती. किती थर आहेत हे माहीत असल्याशिवाय किती आवरणं घालायची हे ठरवता येत नाही, आणि मोठ्या प्रकल्पात थर किती हे एका माणसाला क्वचितच माहीत असतं. माझ्या मते अवतरणचिन्हांच्या उपायाचं अपयश इथं आहे. उपाय नावावर केला जातो, आणि रोग वाटेवर असतो.

देवनागरीला का सोडायचं?

आता पहिल्या संशयिताकडे परत येऊ. मेक १९७६ चा, आणि जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना संकेत देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. मग मेकला देवनागरी नाव कसं काय पचतं? याचं श्रेय यूटीएफ-८ या लेखनपद्धतीला. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती आखली, तेव्हा जुन्या साधनांना धक्का लागू द्यायचा नाही हे पथ्य त्यांनी कसोशीने पाळलं. इंग्रजी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं ० ते १२७ या किमतींतच राहिली. बाकी जगातल्या लिप्यांचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा. मोकळी जागा ३२, # हे ३५, $ हे ३६, दोन टिंबं ५८. ‘चितेगाव’ दिसायला चार अक्षरं आहेत. युनिकोडमध्ये मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून तिथं ती सात चिन्हं होतात, आणि प्रत्येकाचे तीन याप्रमाणे एकवीस बाइट. यातला पहिला २२४, दुसरा १६४, तिसरा १५४. एकवीसपैकी एकही ३२ किंवा ५८ होऊच शकत नाही. मेकला मराठी कळत नाही हे खरं. पण हे एकवीस बाइट आपल्या कुठल्याच खुणेशी जुळत नाहीत एवढं कळतं, आणि तेवढं पुरतं. गिट हे आवृत्त्या सांभाळणारं साधन हेच नाव ‘\३४०\२४४\२३२…’ असं आकड्यांच्या माळेत दाखवतं, तेव्हा ‘बघा, मराठीने घोळ घातला’ असं वाटतं. तो नुसता दाखवण्याचा प्रकार आहे. एक सेटिंग बदललं की नाव नीट दिसतं.

ही सोय आपोआप मिळालेली नाही, हे कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांकडे पाहिलं की पटतं. तिथं अक्षर साठवलं जात नसे, फक्त त्याचं चित्र इंग्रजी चिन्हाच्या जागी बसवलेलं असे. त्यात ‘य’ म्हणजे अर्धविरामाचं चिन्ह आणि ‘ध’ची सुरुवात तिरक्या रेघेने. त्या पद्धतीने ‘धाराशिव’ हे फाइलचं नाव म्हणून लिहिताच येणार नाही, कारण तिरकी रेघ युनिक्स किंवा विंडोजमध्ये नावात चालत नाही. दोष लिपीचा नव्हता, साठवण्याच्या पद्धतीचा होता. जपानी लोकांनी शिफ्ट-जिस या पद्धतीत नेमका हाच त्रास काढला: काही अक्षरांचा दुसरा बाइट उलट्या तिरक्या रेघेचा निघतो, आणि नाव भलत्याच जागी तुटतं.

चौकट: दिसायला एक, आतून तीन

देवनागरी पूर्ण निर्दोष आहे असं मात्र म्हणता येत नाही, आणि तिची खरी अडचण खास मराठी आहे. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला ऱ्य तीन प्रकारे साठवता येतो. इनस्क्रिप्ट की-बोर्डावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की नुक्त्याचा ‘ऱ’ एकाच संकेताने येतो, त्याला हलन्त जोडायचा. किंवा साधा ‘र’, वेगळा नुक्ता आणि हलन्त. किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मागून एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. पहिले दोन समान मानावेत असं युनिकोडच सांगतं, तिसऱ्याबद्दल तसं सांगत नाही. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चीही तीच गत: २००८ मध्ये त्याला स्वतंत्र संकेत मिळाला, पण ‘अ’वर वेगळी चंद्रकोर देण्याची जुनी सवय अजून आहे, आणि या दोघांना समान मानणारा नियम नाही.

बिल्डमध्ये याचा परिणाम असा, की नियमात एकाने टाइप केलेलं नाव आणि डिस्कवर दुसऱ्याने दिलेलं नाव डोळ्यांना एकच दिसतं, आणि मेक म्हणतो फाइल नाही. ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत तर डिस्कच नावं फोडून ठेवत असे. म्हणून २०१२ मध्ये गिटला ती पुन्हा सांधणारं सेटिंग आणावं लागलं.

‘मग नावंच साधी ठेवा ना!’

हा आक्षेप वजनदार आहे. पॉसिक्स या मानकाने कुठंही चालतील अशी ६५ चिन्हं ठरवून दिली आहेत: इंग्रजी लहान-मोठी अक्षरं, अंक, टिंब, अधोरेघ आणि आडवी रेघ. स्वतःच्या सोर्स फायलींना नावं देताना एवढ्यावर भागवावं, याबद्दल माझं दुमत नाही. ते सगळ्यात स्वस्त शहाणपण आहे. लांबीच्या बाबतीतही ते उपयोगी पडतं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची फार तर ८५ चिन्हं. विंडोज त्याहून बरीच लांब देवनागरी नावं घेतं, म्हणून शासकीय परिपत्रकाच्या आख्ख्या विषयाएवढं नाव तिथं सेव्ह होतं आणि लिनक्सवर कॉपी करताना अडतं.

पण या सल्ल्याला दोन मोठी भोकं आहेत. एक, पूर्ण पत्ता प्रोग्रॅमरच्या हातात नसतो. फाइलचं नाव तो ठरवतो, पण ती ज्या फोल्डरात उतरवली जाईल ते वापरणाऱ्याचं असतं, आणि विंडोजवर त्या फोल्डराच्या वर त्याचं नाव-आडनाव मोकळ्या जागेसकट बसलेलं असू शकतं. कंपनीच्या वनड्राइव्हचं फोल्डर तर ‘वनड्राइव्ह - कंपनीचं नाव’ असंच बनतं: मोकळी जागा, आडवी रेघ, मोकळी जागा. दोन, ६५ चिन्हांत राहूनही नाव अडू शकतं. विंडोजने एमएस-डॉसच्या काळापासून ‘ऑक्स’, ‘कॉन’, ‘नल’ अशी काही नावं उपकरणांसाठी राखून ठेवली आहेत. लिनक्सच्या गाभ्यात ‘ऑक्स.सी’ नावाची फाइल आहे, आणि विंडोजवर तो सगळा कोड उतरवताना ती एक फाइल अडते. त्याच गाभ्यात अशाही जोड्या आहेत, की ज्यांच्या नावांत फरक फक्त मोठ्या आणि लहान अक्षरांचा. विंडोजवर एक दुसरीला पुसते. (देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसल्यामुळे हा प्रकार तिथं संभवतच नाही, हे जाता जाता.)

जिल्ह्यांच्या नावांपुरतं बोलायचं तर आणखी एक गोष्ट. लोक वाचणार ते नाव आणि यंत्र ओळखणार ती खूण, या दोन्हींचं ओझं फोल्डराच्या एकाच नावावर टाकणं मुळात चूक आहे. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद जिल्ह्याचा संकेतांक ५१५ होता. फोल्डरचं नाव ‘५१५’ ठेवलं आणि जिल्ह्याचं नाव आतल्या मजकुरात लिहिलं, तर नामांतराच्या वेळी एक ओळ बदलावी लागते, बिल्डला पत्ताही लागत नाही.

यादीला यादी राहू द्यावं

मग नीट उपाय कुठला? संगणकाच्या अगदी तळाशी पाहिलं तर प्रश्न अस्तित्वातच नाही. युनिक्सचा गाभा एखादा प्रोग्रॅम सुरू करतो तेव्हा त्याला एक सलग ओळ देत नाही. सुटी सुटी नावं देतो, प्रत्येकाच्या शेवटी शून्य बाइट. शून्य बाइट नावात येऊच शकत नाही, म्हणून नाव कुठं संपलं याबद्दल वादच उरत नाही. तळाशी यादी ही यादीच असते. मधले थर ती एका ओळीत सपाट करतात आणि पुढच्याने ती पुन्हा फोडावी अशी अपेक्षा ठेवतात. म्हणून जिथं जिथं सपाट करणं टाळता येईल तिथं टाळायचं, हाच खरा इलाज. मेसन किंवा एसकॉन्ससारख्या बिल्ड साधनांत प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत, स्वल्पविरामांनी वेगळं, खऱ्या यादीत लिहिता येतं. क्रोमसाठी इव्हान मार्टिन यांनी लिहिलेलं ‘निंजा’ अजूनही ओळीच वाचतं, पण त्या ओळी माणसाने लिहायच्या नसतात, दुसरा प्रोग्रॅम लिहितो. मोकळ्या जागेआधी $ लावायचा हे काम त्यामुळे एकाच ठिकाणी, एकदाच, बिनचूक करता येतं. सीमेक या आणखी एका बिल्ड साधनाने यादीसाठी अर्धविराम निवडला. तो नावांत क्वचित येतो, म्हणून त्रास कमी, पण संपलेला नाही. शेलमध्ये फायली शोधणाऱ्या आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या आज्ञांना शून्य बाइटावर तोडायला सांगता येतं. अनेक प्रणालींवर वर्षानुवर्षं चाललेली ही सोय २०२४ च्या पॉसिक्समध्ये अधिकृत झाली. त्याच आवृत्तीने नावात नवी ओळ घेऊ नये असंही प्रणालींना सुचवलं आहे. पन्नास वर्षांचं औदार्य थोडं आवरलं, आणि बरंच झालं.

जुना मेक सोडणं शक्य नसेल, आणि बहुतेक ठिकाणी ते नसतंच, तर वरच्या फोल्डरांचा पत्ता नियमांत येऊच द्यायचा नाही. सगळे पत्ते प्रकल्पाच्या फोल्डरापासून सुरू केले, की तो प्रकल्प ‘छत्रपती संभाजीनगर’ नावाच्या फोल्डरात ठेवला काय आणि कुठं ठेवला काय, मेकला ते नाव कधी दिसतच नाही. मेकचे नियम तयार करून देणाऱ्या ऑटोमेकने वेगळा, पण प्रामाणिक मार्ग धरला आहे: कामाला लागण्याआधीच तो फोल्डरांच्या पत्त्यांत अडचणीची चिन्हं शोधतो आणि सापडली तर ‘हा पत्ता सुरक्षित नाही’ म्हणून तिथंच थांबतो. वापरणाऱ्याला हे उद्धट वाटू शकतं. पण अर्धा तास कंपायलर चालून शेवटी ‘छत्रपती’ सापडत नाही अशी कोड्यात टाकणारी तक्रार मिळण्यापेक्षा पहिल्या सेकंदाला मिळालेला स्पष्ट नकार केव्हाही परवडतो.

आपला बिल्ड यातल्या कुठल्या गटात बसतो हे तपासायला फार काही लागत नाही. ‘शेतकऱ्यांची यादी#२ (नवी)’ नावाचं फोल्डर करावं, प्रकल्पाची एक प्रत त्यात ठेवावी आणि बिल्ड चालवावा. ‘यादी’पाशी अडलं तर कुठंतरी मोकळ्या जागेवर तोडलं जातंय. # नंतरचं गायब झालं तर पूर्ण पत्ता मेकच्या हाती लागलाय. कंसावर शेल कुरकुरला तर एखाद्या ओळीत अवतरणचिन्हं द्यायची राहिली आहेत. आणि यातलं काहीच न होता नुसतं ‘फाइल सापडत नाही’ एवढंच आलं, तर त्या ऱ्य चे बाइट मोजायला घ्यावेत.